पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली कशी उभारायची, आणि ती फाइलीत का अडकते

बहुतेक संस्थांत पर्यावरणाचं काम आधीपासून चालूच असतं. एक जण सांडपाण्याचा नमुना प्रयोगशाळेला पाठवतो, दुसरा कचरा उचलणाऱ्याच्या मागे लागतो, तिसरा विजेचं बिल बघून हळहळतो. अडचण अशी, की या तिघांची गाठ पडत नाही. नमुन्याचा अहवाल ज्याच्या टेबलावर येतो त्याला धुण्याचं केमिकल बदललंय हे ठाऊक नसतं, आणि ज्याने केमिकल बदललं त्याला अहवाल कधी दिसत नाही. पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ईएमएस, ही गाठ घालून देते. कशामुळे काय बिघडू शकतं, त्यावर लक्ष कोण ठेवतो, कुठला आकडा बघतो आणि आकडा बिघडला की कोण काय करतो, हे आधी ठरवायचं आणि तसं वागायचं. बाकीचा सगळा कागदपसारा याच्यासाठी.

याचा जगभर चालणारा साचा म्हणजे आयएसओ १४००१. ब्रिटनचं बीएस ७७५० हे मानक १९९२ साली आलं, युरोपातली ईएमएएस योजना १९९३ मध्ये आणि आयएसओ १४००१ ची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये. पुढे २००४ आणि २०१५ मध्ये ते सुधारलं गेलं. २०१५ च्या आवृत्तीने वरिष्ठ व्यवस्थापनाला थेट जबाबदार धरलं आणि उत्पादनाच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या प्रवासाचा, विचार आत आणला. फेब्रुवारी २०२४ मधल्या छोट्याशा दुरुस्तीने हवामानबदलाचा मुद्दा आपल्याला लागू पडतो का, हे ठरवणंही आवश्यक झालं. दोन गैरसमज मात्र अजून फिरत असतात. हे मानक कुठल्याही प्रदूषकाची मर्यादा सांगत नाही. मर्यादा कायद्यातून आणि परवान्यातून येतात. आणि आयएसओ ही संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचं. प्रमाणपत्र न घेताही मानक वापरता येतं. पहिलं वर्षभर तसंच वापरलेलं बरं, कारण प्रमाणपत्राची तारीख एकदा ठरली की सगळे कामापेक्षा कागदामागे धावतात.

हद्द आधी आखा

प्रणाली कुठून कुठपर्यंत लागू हे एका नकाशावर रेघ मारून ठरवा आणि दोन-चार वाक्यांत लिहा. इथे होणारी हमखास लबाडी म्हणजे गैरसोयीचा कोपरा रेघेबाहेर ठेवणं: मागची जुनी टाकी, ठेकेदाराची शेड, भाड्याने दिलेलं गोदाम. जनरेटर, कँटीन, संस्थेची वाहनं आणि आवारात काम करणारे ठेकेदार हे सगळं आतच धरायचं. बाहेर करून घेतलेल्या कामावर पूर्ण ताबा नसतो, पण प्रभाव असतो. तेवढा तरी लिहून ठेवा.

याच टप्प्यावर उलट बाजूही बघायची. संस्था पर्यावरणाचं काय करते हे सगळे लिहितात. पर्यावरण संस्थेचं काय करू शकतं, हे राहून जातं. पूर, पाण्याची टंचाई, उष्णतेची लाट यांत नेमकं काय बंद पडेल? शेजारी, कामगार, ग्राहक, नियंत्रक यांच्या अपेक्षा काय आहेत? दोन पानांत हे मावतं. याचा पन्नास पानी अहवाल केलात तर तो कुणी उघडणार नाही.

अ‍ॅस्पेक्ट रजिस्टर: इथे घाई नको

अख्खी प्रणाली या एका तक्त्यावर उभी असते. अ‍ॅस्पेक्ट म्हणजे तुमच्या कामातली अशी गोष्ट जी पर्यावरणाशी संबंध जोडते, आणि इम्पॅक्ट म्हणजे त्यातून पर्यावरणात होणारा बदल. डिझेल जाळणं हा अ‍ॅस्पेक्ट. हवा बिघडणं आणि तापमानवाढीत भर पडणं हा इम्पॅक्ट. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा आकडा हाताशी असू द्या. पण यादी बनवायची ती खुर्चीत बसून नाही. तयार नमुन्यातून उतरवलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं: त्यात ‘कागदाचा वापर’ आणि ‘दिव्यांचा वापर’ असतो, पण बॉयलरचं ब्लोडाउन, म्हणजे त्यातून अधूनमधून सोडून दिलेलं गाळ-क्षारांचं गरम पाणी, कुठे जातं ते नसतं.

एकेक विभाग पायी फिरा. सोबत त्या जागी रोज काम करणारा माणूस आणि मेंटेनन्सचा एक जण हवाच. प्रत्येक ठिकाणी चारच प्रश्न: आत काय येतं, बाहेर काय जातं, कुठल्या वाटेने जातं, आणि बिघाड झाला तर काय जाईल? ही उत्तरं तीन अवस्थांसाठी वेगळी लिहावी लागतात. रोजचं चालू काम ही पहिली; यंत्र सुरू-बंद करणं, टाकी धुणं, फिल्टर बदलणं अशी अधूनमधूनची कामं ही दुसरी; आणि गळती, आग, वीज जाणं ही तिसरी. दुसरी अवस्था सर्वांत जास्त सुटते. वर्षातून दोनदा टाकी धुतली जाते, ते पाणी कुठल्या गटारात जातं हे फक्त धुणाऱ्याला माहीत असतं.

फिरून झालं की खरेदीच्या नोंदी काढा आणि ताळा जमवा. यंत्राचे भाग सॉल्व्हंटने पुसण्याचं साधं काम घ्या. वर्षभरात २,४०० किलो सॉल्व्हंट विकत घेतलं. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा सारखाच. वापरलेलं सॉल्व्हंट म्हणून १,५०० किलो विल्हेवाटीला गेलं, चिंध्यांत अंदाजे १०० किलो. मग उरलेलं ८०० किलो गेलं कुठे? चिमणी नाही, गटाराचं कनेक्शन नाही, म्हणून त्या खोलीच्या पुढे ‘उत्सर्जन: काही नाही’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात खरेदीचा तिसरा हिस्सा उघड्या ट्रेमधून हवेत उडून जातो, आणि त्याच हवेत कामगार श्वास घेतो. ट्रेला झाकण बसवलं तर पुढच्या वर्षीच्या खरेदीत फरक दिसायला हवा. दिसला नाही, तर झाकण उघडं राहतंय. असा ताळा पाणी, धातू, रंग, पॅकिंग अशा कशाचाही जमवता येतो. जिथे तो जमत नाही तिथेच तुमचा मोठा अ‍ॅस्पेक्ट लपलेला असतो.

यादी झाली की त्यातलं महत्त्वाचं वेगळं काढायचं. इथे बहुतेक जण तीव्रता आणि वारंवारता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. टाकी फुटणं: तीव्रता ५, वारंवारता १, गुणाकार ५. छपाईचा कागद: तीव्रता १, वारंवारता ५, गुणाकार तोच ५. म्हणजे नदी मरणं आणि कागदाचं रीम संपणं एका रांगेत बसलं. म्हणून गुणाकाराच्या आधी दोन नियम लावा: तीव्रता ५ असेल तर वारंवारता काहीही असो, अ‍ॅस्पेक्ट महत्त्वाचाच, आणि ज्यावर कायद्याची अट आहे तोही आपोआप महत्त्वाचा. उरलेल्यांसाठी गुण चालतील. गुण देताना, सध्या नियंत्रण आहे म्हणून तीव्रता कमी धरू नका. नियंत्रण निकामी झालं तर काय, तेच तर शोधतोय.

महत्त्वाचे अ‍ॅस्पेक्ट दहा-पंधरा निघाले तर काम आटोक्यात राहतं. साठ निघाले तर निवड झालेलीच नाही.

कायद्याचं रजिस्टर अटीनिहाय

कायद्यांची नावं एका खाली एक लिहिली की रजिस्टर होत नाही. परवान्यात तीस अटी असतील तर तीस ओळी हव्यात. प्रत्येक ओळीत अट जशीच्या तशी, ती कुठल्या यंत्राला किंवा जागेला लागू, जबाबदार कोण, किती दिवसांनी तपासायची आणि पुरावा कुठे ठेवला आहे, हे सगळं यायला हवं. ‘पालन होत आहे’ असा शिक्का मारलेला रकाना निरुपयोगी. तिथे आकडा किंवा कागदाचा क्रमांक पाहिजे. ग्राहकाशी केलेल्या करारातली किंवा स्वतःहून जाहीर केलेली बंधनंही याच यादीत येतात.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की नुसता ‘मर्यादेत’ हा शब्द बघून फाइल करू नका. नमुना परवान्यात सांगितलेल्या जागेवरून घेतला का? एकक तेच आहे का? मर्यादा मिलिग्रॅममध्ये आणि अहवाल मायक्रोग्रॅममध्ये असला की हजार पटींचा घोटाळा होतो. नमुना घेतला तेव्हा यंत्रणा पूर्ण भारावर चालू होती का? ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर चाचणीची किमान मोजक्षमता कायद्याच्या मर्यादेच्या खाली आहे का? मर्यादा १ आणि उपकरणाला ५ च्या खालचं दिसतच नसेल, तर ‘आढळलं नाही’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

उद्दिष्टं: टक्केवारीचा सापळा

उद्दिष्टं तीन ते पाच पुरे. प्रत्येकाला मालक, तारीख, पैसा आणि मोजण्याची रीत हवी. ‘जनजागृती वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. आणि उद्दिष्टं महत्त्वाच्या अ‍ॅस्पेक्टमधूनच निघायला हवीत. यादीत सगळ्यात वर सॉल्व्हंट असताना उद्दिष्ट झाडं लावण्याचं असेल, तर ऑडिटर विचारेल तोच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. झाडं लावा, पण सॉल्व्हंटच्या बदल्यात नको.

वीज आणि पाण्याच्या बाबतीत ‘प्रति टन वापर’ हा मापदंड सगळ्यांचा लाडका, आणि तोच फसवतो. उदाहरण घ्या. एका महिन्यात ५०० टन उत्पादन आणि १,००,००० युनिट वीज, म्हणजे टनामागे २०० युनिट. पुढच्या महिन्यात मागणी घटली: ४०० टन, ९०,००० युनिट, म्हणजे टनामागे २२५. तक्त्यावर लाल रंग लागतो, ऊर्जा बघणाऱ्याला बोलणी बसतात. पण मागच्या बारा महिन्यांचे आकडे आलेखावर टाकले, आडव्या अक्षावर उत्पादन आणि उभ्यावर वीज, आणि त्यातून सरळ रेघ काढली, तर समजा असं दिसतं: उत्पादन शून्य असतानाही ५०,००० युनिट लागतात आणि वर प्रत्येक टनाला १००. मग ४०० टनांना अपेक्षित वीज ५०,००० अधिक ४०,०००, बरोबर ९०,००० युनिट. कामगिरी तसूभरही घसरलेली नाही. उलट मागणी वाढलेल्या महिन्यात काहीही न करता टनामागचा आकडा सुधारतो आणि टाळ्या मिळतात.

याच आलेखात खरं सोनं आहे. कमी-जास्त उत्पादनाने न हलणारे ते ५०,००० युनिट कशात जातात? रात्रभर चालणारे पंखे, दाब धरून ठेवणारा कॉम्प्रेसर, बंद करायचे राहिलेले पंप. बचतीची सुरुवात तिथून करा. आणि कामगिरी मोजताना प्रत्यक्ष वापर आणि रेघेवरचा अपेक्षित वापर यांतला फरक बघा. हा फरक महिन्यांमागून महिने साठत गेला की सुधारणा खरी की नशिबाची, ते कळतं.

नियंत्रण: आधी रचना, मग पाटी

नियंत्रणाचा क्रम ठरलेला आहे. घातक पदार्थ काढूनच टाकता येतो का, बदलता येतो का, नाहीतर यंत्रणेत अडवता येतो का, आणि हे काहीच जमत नसेल तेव्हा सूचना आणि प्रशिक्षण. व्यवहारात मात्र क्रम उलटा असतो, कारण पाटी लावायला एक दिवस लागतो आणि झाकण बसवायला खरेदीची मंजुरी.

ड्रम ठेवण्याची जागा जरा जवळून बघू. गळती झाली तर द्रव अडावा म्हणून भोवती बांध घालतात. त्याची क्षमता बऱ्याच ठिकाणी अशी धरतात: सर्वांत मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. तुमच्याकडचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी बघा. २०० लिटरचे दहा ड्रम असतील तर पहिल्या हिशेबाने २२० लिटर, दुसऱ्याने ५००. म्हणजे ५०० लिटर अडवायची सोय पाहिजे. जागा ३ मीटर बाय २ मीटर, बांध १० सेंटीमीटर उंच: क्षमता ६०० लिटर, कागदावर पुरेशी. पण जागा उघड्यावर असेल आणि ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या ६ चौरस मीटरांत ३०० लिटर पाणी आधीच भरलेलं असतं. उरली निम्मी क्षमता. ड्रमखालचे पॅलेटही थोडी जागा खातात. मग कुणीतरी पाणी जावं म्हणून तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि उघडाच ठेवतो. बांध उभा, नियम पाळलेला, आणि गळती झाली की तेल सरळ गटारात. उपाय: वर छप्पर घाला, ते शक्य नसेल तर व्हॉल्व्ह कुलूपबंद ठेवा, पाणी आधी बघून, तवंग नाही याची खात्री करून मगच सोडा आणि प्रत्येक वेळी तारीख लिहा. तळाला व्हॉल्व्हच नको, पंपानेच पाणी काढायचं, हे त्याहून उत्तम.

कामाच्या सूचना एका पानाच्या, त्या जागेवर, तिथल्या माणसाच्या भाषेत. नियंत्रण कुठल्या आकड्यापर्यंत ठीक आणि त्याच्या पलीकडे गेलं तर काय करायचं, हे दोन्ही त्यात हवं. ‘पीएच तपासणे’ एवढं लिहून भागत नाही, ‘पीएच ६.५ च्या खाली किंवा ८.५ च्या वर गेला तर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून शिफ्ट प्रमुखाला कळवा’ असं लिहा, अर्थात आकडे तुमच्या परवान्यातले. सूचना लिहिणाऱ्याने ती एकदा स्वतः पाळून बघावी. अर्ध्या सूचना तिथेच दुरुस्त होतात.

खरेदी विभागाला प्रणालीच्या बाहेर ठेवू नका. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलचे धोके सांगणारं माहितीपत्रक, वाचून पर्यावरणाच्या माणसाने होकार दिल्याशिवाय नवं केमिकल आवारात येऊ नये. ठेकेदाराच्या करारात कचरा कुणाचा आणि तो कुठे जाणार हे लिहिलेलं असावं, आणि विल्हेवाटीच्या पावत्या अधूनमधून उलट तपासाव्यात.

आणीबाणी: रात्रीच्या शिफ्टला विचारा

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइत्सरहाल इथल्या सँडोज कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला वापरलेलं पाणी रसायनांसकट ऱ्हाइन नदीत गेलं आणि खाली लांबवर मासे मेले. तेव्हापासून आगीच्या योजनेत एक प्रश्न ठरलेला आहे: विझवलेलं पाणी कुठे अडवणार? हा हिशेब साधा आहे. मिनिटाला १,००० लिटर पाणी मारणारी एक लाइन दोन तास चालली तर १२० घनमीटर पाणी तयार होतं. एवढं मावेल असा हौद, तळघर किंवा बांध घातलेलं आवार आहे का? आणि पावसाच्या पाण्याच्या गटाराचं तोंड बंद करायची सोय?

गटारांचा नकाशा ताजा हवा: पावसाचं पाणी निळ्या रंगात, सांडपाणी लाल रंगात, आणि प्रत्यक्ष झाकणांवरही तेच रंग. नकाशा खरा आहे का हे रंगीत पाणी सोडून पाहता येतं. पण आधी संबंधित अधिकाऱ्यांना कळवा आणि निरुपद्रवी रंगच वापरा. सराव दिवसा, सूचना देऊन, सुरक्षा अधिकाऱ्यासमोर घेतला तर तो नेहमीच छान होतो. रात्री दोनला घ्या. गळती किटची खोली कुलूपबंद निघते, किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असते, आणि शोषकाच्या पिशव्या मागच्या गळतीला वापरून संपलेल्या असतात. या तीनही गोष्टी सापडल्या तर सराव यशस्वी समजा.

मोजणी: मीटर वाचायचा असतो

महिन्याच्या बिलावरून पाण्याची गळती कळत नाही. सगळं काम बंद असतानाचं वाचन घ्या: शिफ्ट संपल्यावर एकदा आणि सुरू व्हायच्या आधी एकदा. समजा आठ तासांत मीटर १.२ घनमीटर पुढे गेला. म्हणजे तासाला १५० लिटर, वर्षाला १,३१४ घनमीटर पाणी, कुणीही न वापरलेलं. मग एकेका शाखेचा व्हॉल्व्ह बंद करत जा आणि मीटर कधी थांबतो ते बघा. थांबला ती शाखा दोषी.

दाबाखालच्या हवेचंही तसंच. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं भोक सेकंदाला साधारण १० लिटर हवा सोडतं आणि त्यासाठी कॉम्प्रेसरला ३ किलोवॅटच्या आसपास वीज लागते. कॉम्प्रेसर वर्षभर न थांबता दाबाखाली असेल तर ८,७६० तासांत २६,००० युनिटांहून जास्त. सुट्टीच्या दिवशी, यंत्रांचा आवाज नसताना, कान देऊन फिरलं तरी निम्मी भोकं सापडतात. उरलेल्यांसाठी साबणाचं पाणी किंवा अल्ट्रासाउंडचं उपकरण. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचं, कारण सैल कपलिंग तिसऱ्या महिन्यात परत सैल होतं.

मोजणाऱ्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती बरोबर मोजतात का याची पडताळणी, तारखेवर चढवा. पीएच मीटर तर वापरण्याच्या दिवशीच बफर द्रावणात, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात, तपासावा लागतो. महिनाभर दशांशापर्यंत तोच तो आकडा लिहिलेला दिसला, तर बहुधा मीटर बिघडलाय किंवा आकडे टेबलावर तयार होतायत.

ऑडिट आणि एनसी

अंतर्गत ऑडिट स्वतःच्या कामाचं स्वतः करायचं नाही, एवढं पथ्य पाळा. प्रश्नावलीवर टिक करत बसण्यापेक्षा एक माग धरा: कचऱ्याचा एक ड्रम निवडा आणि तो कुठे तयार झाला, लेबल कुणी लावलं, वजन कुणी केलं, किती दिवस ठेवला, कुठल्या गाडीने गेला, पावती कुठे आहे, असं शेवटपर्यंत चाला. दिवसभरात असे पाच माग धरले तर शंभर टिकांपेक्षा जास्त कळतं.

सापडलेली त्रुटी, म्हणजे एनसी, लिहिताना तीन गोष्टी हव्यात: काय अपेक्षित होतं, काय दिसलं, कुठे आणि कधी. ‘हाउसकीपिंग खराब’ ही एनसी नाही.

पुढे उत्तराची पाळी, आणि इथे ‘संबंधितांना प्रशिक्षण दिले’ हे वाक्य इतकं स्वस्त झालंय की ते दिसलं की थांबून विचारावं. समजा तेलाने माखलेल्या चिंध्या साध्या कचऱ्यात सापडल्या. त्या उचलून योग्य डब्यात टाकणं ही झाली तात्पुरती दुरुस्ती. साध्या कचऱ्यात का टाकल्या? योग्य डबा साठ मीटर लांब होता. का? नवं यंत्र बसवताना डबा हलवला. कुणाच्या लक्षात का नाही आलं? मांडणी बदलताना पर्यावरणाच्या माणसाला विचारण्याची पद्धतच नव्हती. प्रशिक्षणाने यातलं काही सुटलं नसतं. डबा कुठला हे कामगाराला पक्कं ठाऊक होतं. कारवाई दोन ठिकाणी हवी: डबा यंत्राशेजारी, आणि मांडणीबदलाच्या अर्जात एक नवा रकाना. तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन बघितल्याशिवाय ती एनसी बंद करू नका. आणि असंच आणखी कुठे झालंय का, हेही बघा.

व्यवस्थापन आढावा

वर्षातून किमान एकदा होतोच. तिमाहीला झाला तर अधिक उपयोगी. साठ स्लाइडचं सादरीकरण टाळा. एका पानावर महत्त्वाचे अ‍ॅस्पेक्ट, कायद्याची स्थिती, उद्दिष्टांचे आकडे, उघड्या एनसी आणि आलेल्या तक्रारी, आणि शेवटी साहेबांकडून हवे असलेले निर्णय. इतिवृत्तात पैसा, माणूस किंवा तारीख यांतलं काहीच बदललेलं दिसलं नाही, तर बैठक झालीच नाही असं समजा.

प्रमाणपत्र हवंच असेल तर

बाहेरचं ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात तयारी आणि कागद बघतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. त्याआधी एक पूर्ण अंतर्गत ऑडिट आणि एक व्यवस्थापन आढावा झालेला असावा लागतो, म्हणून शून्यातून सुरुवात करून दोन महिन्यांत प्रमाणपत्र मिळवून देतो असं सांगणाऱ्या सल्लागाराला विचारा की नोंदी कुठल्या काळाच्या असतील. मध्यम आकाराच्या संस्थेने सहा महिने ते वर्ष धरावं. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, मध्ये साधारणपणे दरवर्षी पाहणी ऑडिट, तिसऱ्या वर्षी पुनर्प्रमाणन.

घसरण बहुतेकदा दुसऱ्या वर्षी सुरू होते. रजिस्टर पहिल्या दिवशी खरं होतं. तेव्हापासून दोन केमिकलं, एक यंत्र आणि एक ठेकेदार बदलला आणि रजिस्टर तिथेच राहिलं. म्हणून बदलाचा एक पानी अर्ज खरेदीच्या आदेशाला जोडून टाका. प्रश्न पाच: नवा पदार्थ आत येतोय का, नवं काही बाहेर जाणार का, परवान्याची कुठली अट हलते का, बांध, गटार, डबा यांतलं काही सरकतंय का, आणि सूचना किंवा आणीबाणीची योजना बदलावी लागेल का. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पर्यावरणाच्या माणसाची सही झाल्याशिवाय आदेश निघायचा नाही. हा अर्ज वेगळ्या पोर्टलवर ठेवलात तर कुणी भरत नाही. आदेशाच्याच पानावर असेल तर भरावाच लागतो.